चढावर टक, सपाटीवर टिक: सरांच्या सायकलच्या आवाजाचं प्रकरण

सायकल आधी सांगतो म्हणजे पुढचं सोपं जाईल. ॲल्युमिनिअम फ्रेमची रोड बाईक, पुढे ५० आणि ३४ दातांच्या दोन रिंगा, मागे ९ स्पीडची ११-३२ कॅसेट (११ ते ३२ दातांच्या नऊ चक्रांचा गठ्ठा), क्विक रिलीजवाली म्हणजे खटक्याने निघणारी चाकं, केबलवर चालणारे डिस्क ब्रेक. फार महाग नाही, अगदी स्वस्तही नाही, सकाळी साताऱ्याच्या यवतेश्वर घाटात उभं राहिलात तर अशाच जास्त दिसतील. मालक आमच्या गल्लीतले रिटायर्ड गणिताचे सर. मला शाळेत शिकवलंय त्यांनी, त्यामुळे सायकल घेऊन आले की ते स्टुलावर बसतात आणि स्वतःच्या घरात असूनही मी उभाच असतो. त्यांना २०० किलोमीटरची ब्रेव्हे (मुदतीत पूर्ण करायची लांबची राईड) करायची होती, तिला साडेतेरा तासांची मुदत असते, वेळेचं त्यांना टेन्शन नव्हतं, टेन्शन होतं आवाजाचं. तेवढे तास तो आवाज ऐकत बसलो तर डोकं फिरेल म्हणाले.

आवाजाचा इतिहास असा. एप्रिलच्या सुमाराला घाट चढताना टक, टक सुरू झालं. उजवा पाय खाली दाबला की टक. सपाटीला काही नाही, उताराला काही नाही. सर दुकानात गेले (नाव घेत नाही, घ्यायचं कारणही नाही), तिथल्या पोराने सायकल स्टँडवर लावून हाताने पायडल फिरवलं, आवाज काही आला नाही, तरी "बीबी गेलाय सर" म्हणून बीबी (बॉटम ब्रॅकेट, पायडलच्या दांड्यांचा आस ज्यात फिरतो ती बेअरिंग) बदलला, सायकल चकाचक धुवून दिली, आणि आवाज गेला. सर खूश. थोड्याच दिवसांत टक परत हजर.

मग जूनमधे चेन बदलली. ती खरंच झिजली होती, झीज मोजायचा गेज ०.७५ च्या खाचेत आरामात उतरत होता आणि ९ स्पीडला तिथे आल्यावर चेन बदलायचीच असते, त्यात दुकानाचं काही चुकलं नाही. तेवढ्यात पाऊस लागला आणि घाटातला टक आपोआप बंद झाला, सगळ्यांना वाटलं चेनच होती. पण जुलैत कास रोडवरून चिंब होऊन आलं की नंतरच्या एकदोन राईडना सपाटीवर, मोठ्या रिंगवर, बारीक टिक ऐकू यायला लागला. दुकानात नेली, त्यांनी चेनला तेल घातलं, गप्प. परत भिजली, परत टिक. सप्टेंबर संपता संपता ऊन पडलं आणि घाटातला टकही परत आला. आता आवाज चढावर पण, सपाटीवर पण, पावसात पण, उन्हात पण, आणि मेकॅनिकसमोर मात्र कधीच नाही. सर म्हणाले, "अरे, हा मागच्या बाकावरच्या पोरासारखा आहे बघ, मी फळ्याकडून वळलो की गप्प."

ग्रुपवर विचारलं तर जितके मेंबर तितकी निदानं. कुणी म्हणे पायडल, कुणी सीटपोस्ट, कुणी हेडसेट (हँडलची बेअरिंग), आणि एकाने फ्रेमला तडा गेला असेल असं लिहून सरांची झोपच उडवली. काकूंनी मला फोन केला, "जरा बघ रे बाबा, रात्री टॉर्च घेऊन सायकलखाली बसतात."

माझं म्हणणं पहिल्यापासून एकच असतं. कधीमधी येणारा आवाज मनाला येईल तसा येत नसतो. कधीमधी म्हणजे त्याची अट आपल्याला अजून सापडलेली नाही एवढंच. आणि सगळ्या अटी एकमेकींच्या विरुद्ध निघायला लागल्या की आवाज एकच आहे का हाच संशय आधी घ्यायचा. सुदैवाने सर गणिताचे, त्यांनी वही ठेवलेली होती.

फालतू गोष्टी आधी काढून टाकल्या, कारण पाच मिनिटांचं काम असतं आणि हजारो रुपयांचे पार्ट यांच्यापायी बदललेले मी पाहिलेत. पुढच्या डिरेलरच्या (गिअर बदलताना चेन सरकवणारा भाग) केबलचं टोक वाकून क्रँकला (पायडलच्या दांड्याला) घासतंय का, बुटाच्या लेसचं टोक क्रँकला लागतंय का, बाटलीच्या पिंजऱ्याचे स्क्रू ढिले आहेत का, सीटखालच्या पिशवीत किल्ल्या वाजतायत का. सगळं ठीक. सीटवरून उठून पायडल मारलं तरी टक यायचाच, म्हणजे सीट आणि सीटपोस्ट संशयातून सुटले. पायडल मारणं थांबवून नुसतं घरंगळत गेलं की दोन्ही आवाज बंद, म्हणजे ब्रेकची डिस्क घासणं, टायरमधे खडा अडकणं वगैरे सुटलं.

मग वही घेतली. सरांनी तारीख, रस्ता, हवा, गिअर आणि आवाज असे रकाने केले होते, अक्षर अजून फळ्यावरच्यासारखं. फक्त सगळं तारखेने लावलेलं, त्यामुळे वाचताना गोंधळच दिसत होता. आम्ही तेच हवेप्रमाणे आणि गिअरप्रमाणे परत मांडलं, सरांनीच मांडलं खरं तर, मी चहा घेत होतो, आणि मांडता मांडता तेच थांबले. कोरडी हवा आणि ३४ ची रिंग: टक. भिजल्यानंतरच्या राईड आणि ५० ची रिंग: टिक. भर पावसात ३४ वर: काही नाही. तेल घातल्याच्या दुसऱ्या दिवशी ५० वर: काही नाही. दोन ढीग स्वच्छ वेगळे पडले, मधे लोंबकळणारी एखाददुसरीच नोंद. एक आवाज पाण्याने मरतो, दुसरा पाण्याने जन्मतो, मग ते एकच कसे असतील. आणि दुसरा चेन बदलल्यानंतरच सुरू झालाय हेही तारखांवरून उघडच होतं, पण सगळे एप्रिलपासून एकच आवाज शोधत होते म्हणून कुणी तिकडे बघितलंच नव्हतं.

सोपा म्हणून टिक आधी घेतला.

इथे एक हिशोब फार कामाला येतो आणि तो लोक करत नाहीत याचं मला नवल वाटतं. सायकलच्या चालणाऱ्या भागात मुख्य फेरे तीन: क्रँकचा, चाकाचा आणि चेनचा. तिघांचा वेग वेगळा. आवाज क्रँकच्या प्रत्येक फेऱ्याला पाय त्याच जागी असताना येत असेल तर एक गोष्ट, चाकाच्या फेऱ्याला येत असेल तर दुसरी, आणि दोन-तीन फेऱ्यांतून एकदा येत असेल तर चेन. सरांच्या चेनच्या कड्या मोजल्या, १०८. पुढे ५० दातांची रिंग, म्हणजे चेन एक पूर्ण चक्कर मारायला क्रँकचे १०८ भागिले ५०, म्हणजे २.१६ फेरे लागणार. ३४ च्या रिंगवर तेच ३.१८. मागचा गिअर कुठलाही असू दे, याच्याशी त्याचा काही संबंध नाही, चेन किती ओढली जाते ते पुढची रिंगच ठरवते.

सरांना सांगितलं की सपाटीला मोठ्या रिंगवर टिक आला की उजवा पाय कुठे आहे ते बघा, घड्याळाच्या काट्यासारखं, आणि पुढच्या टिकला परत बघा. सायकल भिजवायला पाऊस शोधावा लागला नाही, बागेच्या पाइपने चेन भिजवली, एक रात्र ठेवली, सकाळी सर हायवेच्या सर्व्हिस रोडला जाऊन आले. म्हणाले, दर दुसऱ्या फेऱ्यानंतर थोडं पुढे येतो, म्हणजे पाय १२ वर असेल तर पुढच्या वेळी २ च्या जवळ, मग ४ च्या आसपास, असा पुढे पुढे सरकतो आणि सहाएक टिक झाले की परत जवळजवळ पहिल्या जागी. २.१६ ला सहाने गुणलं तर १२.९६, जवळपास १३ पूर्ण फेरे. सर स्वतःवरच इतके खूश झाले की काकूंना बोलावून परत सांगितलं.

म्हणजे चेनमधली एकच जागा. सायकल स्टँडला लावली, मागे सगळ्यात छोटा गिअर टाकला, खाली वाकून मागच्या डिरेलरच्या दोन पुल्ल्यांकडे बघत पायडल उलटं, अगदी सावकाश फिरवलं. चेन सगळ्यात घट्ट वळते ती त्या पुल्ल्यांवर, ११ दातांच्या असतात बहुतेक, त्यामुळे एखादी कडी आखडलेली असेल तर ती तिथेच चुगली करते. बाकी चेन गुळगुळीत जात होती, आणि एक कडी आली की डिरेलरचा पिंजरा किंचित पुढे उचलला जायचा आणि खट्‌कन मागे बसायचा. ती कडी पुल्लीवरून गेल्यावरही सरळ होत नव्हती, खालच्या बाजूला बारीक कोपर काढून तशीच चालली होती. काकूंच्या नेलपॉलिशचा ठिपका दिला म्हणजे परत शोधायला नको.

जवळून बघितल्यावर कारणही दिसलं. त्या कडीची एक पिन बाहेरच्या पट्टीतून बाकीच्यांपेक्षा कमी डोकावत होती आणि तिच्या टोकाला चेन टूलचा चट्टा होता. म्हणजे नवी चेन लांबीला कापून जोडताना जुनीच पिन अर्धी बाहेर काढून परत आत दाबली होती. जुन्या ५-६ स्पीडच्या, जाड चेनला लोक वर्षानुवर्षं हे करत आलेत आणि तिथे ते चालूनही जायचं. पण ९ स्पीड आणि त्यापुढच्या बारीक चेनच्या पिनची टोकं कारखान्यात चेपून पसरवलेली असतात, एकदा बाहेर ढकलली की ती धार तुटते, परत दाबली तरी पकड पहिल्यासारखी राहत नाही आणि बाहेरच्या पट्ट्या आतल्या कडीवर आवळल्या जातात. शिमानो म्हणूनच अशा जोडासाठी वेगळी पिन देते, नाहीतर सरळ क्विक लिंक (हाताने जोडायची तयार कडी) वापरायची. तेल असलं तर ही आखडलेली कडी कशीबशी वळायची, पावसाने तेल धुतलं आणि आत जरा गंज धरला की टिक. तेल घातलं की गप्प, म्हणून दुकानात दर वेळी दुरुस्त झाल्यासारखं वाटत होतं.

कडी हाताने आडवी वाकवून मोकळी करता येते, दोन अंगठे लावून डावी-उजवीकडे हलकं मोडल्यासारखं करायचं, पट्ट्यांमधे केसाएवढी फट येते आणि ती वळायला लागते. नवीन चेनमधे नुसती आखडलेली कडी असती तर मी तेवढंच केलं असतं. इथे पिनच अर्धवट, ही चेन घाटात उभ्याने जोर लावताना सुटली तर माणूस सरळ टॉप ट्यूबवर (फ्रेमच्या वरच्या नळीवर) येतो, साठी ओलांडलेल्या माणसाबाबतीत हा प्रयोग नको. ती अख्खी बाहेरची कडी, दोन्ही पिनांसकट, काढून टाकली आणि तिच्या जागी ९ स्पीडची क्विक लिंक बसवली. क्विक लिंक ही स्वतः बाहेरचीच कडी असते त्यामुळे लांबी जशीच्या तशी १०८ राहिली.

यानंतर मी मुद्दाम दुसरं काहीही केलं नाही. सरांना ते आवडलं नाही, म्हणाले चाक पण बघून टाक ना आताच. पण दोन गोष्टी एकदम केल्या की कशाने काय झालं ते कळत नाही. सायकल तशीच परत भिजवली, फिरवली, सपाटीला टिक नाही. यवतेश्वरला नेली, टक तसाच. झालं, दोन वेगळे आवाज होते हे आता कागदावरच नाही तर रस्त्यावरही ठरलं.

आता टक, म्हणजे खरा त्रास.

फोन रबरबँडने टॉप ट्यूबला बांधून घाटात रेकॉर्ड केला. सर ३४-२८ वर (पुढे ३४ दात, मागे २८) होते, मिनिटाला साठेक फेरे, आणि टक दर सेकंदाला एक, उजवा पाय साधारण ३ वाजता असताना, दर वेळी तिथेच. ३४-२८ ला क्रँकच्या एका फेऱ्याला चाक १.२१ फेरे फिरतं. म्हणजे आवाज चाकाबरोबर फिरणाऱ्या कशाचा असता, आरा, कॅसेट, हबमधला छर्रा, तर तो पायाच्या मानाने सरकत गेला असता. सरकत नव्हता. मग उरतात दोनच प्रकार: क्रँकबरोबर फिरणाऱ्या गोष्टी (पायडल, क्रँक, रिंगचे बोल्ट, बीबी) किंवा न फिरणाऱ्या पण पायाच्या जोराने ताण येणाऱ्या गोष्टी. हा दुसरा प्रकार लोक विसरतात. पायाचा जोर प्रत्येक फेऱ्याला त्याच जागी सगळ्यात जास्त असतो, त्यामुळे चेनचा ताणही त्याच क्षणी वाढतो, आणि त्या ताणाने मागे काही हललं तर त्याचाही आवाज क्रँकच्या तालातच येणार. फ्रेमच्या पोकळ नळ्यांतून तो पुढे येतो आणि बसलेल्या माणसाला वाटतं पायाखालीच वाजतंय. कानावर विश्वास ठेवून बीबी बदलले जातात ते यामुळे.

दोन खुणा होत्या. पहिली, फक्त ३४ वर येतो. बीबीचा दोष असेल तर ५० वर उभ्याने जोर लावल्यावर पण काहीतरी बोलायला हवं होतं. हे सरांना पटेना, म्हणाले पायाचा जोर तेवढाच असला तर रिंग बदलून काय फरक पडतो. मग त्यांनीच वहीच्या मागच्या पानावर मांडलं. एका दाताला अर्धा इंच, १२.७ मिलिमीटर. ३४ दातांचा परीघ ४३२ मिलिमीटर, त्रिज्या ६९. ५० दातांची त्रिज्या १०१. क्रँक १७० मिलिमीटरची. पायाने ४० किलोचा दाब दिला तर ५० च्या रिंगवर चेनमधे ताण साधारण ६७ किलोचा, आणि ३४ वर ९९ किलोचा. त्याच पायाने जवळजवळ दीडपट! लहान रिंग हलकी वाटते ती पायाला, चेनला आणि मागच्या चाकाला नाही.

दुसरी खूण, फक्त उजव्या पायाला येतो. यावरून सगळे उजवं पायडल आणि बीबीची उजवी बाजू धरून बसले होते. मी म्हटलं जरा मला चालवू द्या. मी सरांपेक्षा चांगला पंधरा-वीस किलो जड (हे लिहिताना बरं वाटत नाहीये), त्याच गिअरवर घाटात चढवली तर टक दोन्ही पायांना. सरांचा डावा गुडघा जुना दुखरा आहे, डाव्या पायाने ते जोरच लावत नाहीत. म्हणजे आवाज उजव्या बाजूचा वगैरे काही नव्हता, ताण ठराविक मर्यादेच्या वर गेला की यायचा, आणि सरांचा फक्त उजवा पाय तिथपर्यंत पोचत होता.

इथपर्यंत आल्यावर बाकीचं घरी उभ्या उभ्या होतं. आधी चेन पुढच्या रिंगवरून उतरवून आत टाकली, दोन्ही पायडल आडवी धरून दोन्ही पायांवर सारखं वजन टाकून सायकलवर उभा राहिलो, सरांनी हँडल धरलं होतं, आणि डावीकडे-उजवीकडे झुललो. चेनला ताण शून्य, पायडल, क्रँक, बीबीवर अख्ख्या माणसाचं वजन. चकार शब्द नाही. क्रँक आडवी ओढून बघितली, बीबीत खेळ नाही. डाव्या क्रँकचे दोन बोल्ट टॉर्क पान्ह्याने तपासले, १२ ते १४ न्यूटन मीटर लागतात या टाइपच्या क्रँकला, बरोबर होते. रिंगचे बोल्टही घट्ट.

मग चेन परत चढवली, पुढचं चाक भिंतीला टेकवलं, मागचा ब्रेक दाबून धरला, ३४ ची रिंग, उजवी क्रँक आडवी, आणि पायाने दणकून दाब दिला. टक! सोडला, परत दाबला, टक! आजवर मेकॅनिकसमोर न आलेला आवाज आमच्या पार्किंगमधे हुकमी यायला लागला. स्टँडवर हाताने पायडल फिरवून तो कधीच येणार नव्हता, तिथे चेनला ताणच नसतो.

मी दाबत राहिलो आणि सरांना लांब स्क्रूड्रायव्हर दिला. टोक फ्रेमला टेकवायचं आणि मूठ कानाजवळच्या हाडाला, गॅरेजवाले इंजिनचं बेअरिंग ऐकायला करतात तसं. बीबीच्या शेलवर टेकवलं: ऐकू येतं पण लांबून. सीट ट्यूबवर: तसंच. डाव्या बाजूला मागे, चाक बसतं तिथे: थोडं. उजव्या बाजूला मागे टेकवलं आणि सरांनी दचकून डोकं मागे घेतलं.

मागचं चाक काढलं. क्विक रिलीजचा खटका उघडताना बोटाने उघडला, हे पहिलं. तो बंद करताना अर्ध्यावर आल्यापासून जोर लागायला हवा आणि पूर्ण बंद केल्यावर तळहातावर त्याचा वळ उठायला हवा. दुसरं, डिरेलरचा हँगर, म्हणजे मागचा डिरेलर ज्याला लटकतो तो तुकडा. ॲल्युमिनिअम फ्रेमला हा वेगळा, बदलता येणारा तुकडा असतो, सायकल पडली तर फ्रेमऐवजी तो वाकावा म्हणून. या फ्रेममधे तो उजव्या ड्रॉपआउटच्या (फ्रेममधली चाकाची खाच) बाहेरून एका बारीक बोल्टने बसवलेला आणि क्विक रिलीजचा नट थेट त्याच्यावरच आवळला जातो. बोल्टला ॲलन की लावली तर जोर न लावताच फिरली. हँगर सुटा केला, मागे काळा, करडा चिखल, घाटातली धूळ आणि घासलेल्या ॲल्युमिनिअमची भुकटी एकत्र झालेली, आणि मधे दोन नखाएवढे ठिपके आरशासारखे चकचकीत. तिथे धातू धातूवर घासत होता.

आता सगळं जुळतं. चेन उजव्या बाजूने ॲक्सल (चाकाचा आस) पुढे ओढते. ढिला क्विक रिलीज आणि ढिला हँगर, कोरडे पृष्ठभाग एकमेकांना चिकटून राहतात, ताण वाढत वाढत चिकटण्याच्या पलीकडे गेला की केसाच्या अंशाएवढे सरकतात, तोच टक. पाय वर गेला, ताण उतरला, परत जागेवर. ५० च्या रिंगवर ताण तिथवर जातच नाही. पावसात पाणी फटीत शिरतं, पृष्ठभाग न अडकता सरकतात, आवाज नाही. आणि बीबी बदलल्यावर आवाज गेला कारण धुताना मागचं चाक काढून परत बसवलं होतं, काही दिवस नीट आवळलेलं राहिलं आणि हँगरमागे पाणीही गेलं. बीबीचा त्याच्याशी काडीचा संबंध नव्हता. एकाच वेळी चार गोष्टी केल्या आणि श्रेय सगळ्यात महागड्या गोष्टीला मिळालं, हे सायकलमधे फार होतं.

दुरुस्ती म्हणावी तर दहा मिनिटांची. हँगर आणि ड्रॉपआउट पेट्रोलच्या फडक्याने पुसले, हँगरच्या मागच्या बाजूला ग्रीसचा अगदी पातळ हात दिला, बोल्टच्या आट्यांना निळं थ्रेडलॉक, बोल्ट आवळला. क्विक रिलीजच्या कॅमला (खटका ज्यावर फिरतो तो भाग) थेंबभर तेल, कारण कोरडा कॅम हाताला घट्ट लागतो आणि प्रत्यक्षात चाक ढिलं राहतं. चाक बसवताना सायकल जमिनीवर उभी ठेवून, ॲक्सल खाचेत पूर्ण बसलाय हे बघून मगच खटका बंद केला. हँगर हलला म्हणजे गिअर इंडेक्सिंग (गिअर नेमका जागेवर पडणं) किंचित बदलतं, केबलला अर्धा फेरा द्यावा लागला.

पार्किंगमधे दाबून बघितलं, शांत. पण मला एवढ्यावर समाधान होत नाही, कारण चाक नुसतं काढून घातल्यावर पण हा आवाज काही दिवस जातो हे आत्ताच कळलं होतं. म्हणून आवाज मुद्दाम परत आणला. हँगर काढला, ग्रीस पुसून टाकली, बोल्ट हाताने जेमतेम लावला, क्विक रिलीज सैल, आणि दाबलं तर पहिल्याच दाबाला टक. नुसता क्विक रिलीज घट्ट केला: आवाज बारीक झाला पण गेला नाही. हँगर नीट बसवला आणि क्विक रिलीज सैल ठेवला: कधी यायचा कधी नाही. दोन्ही नीट केले: नाही. म्हणजे दोघांचा वाटा होता, हँगरचा जास्त. सर हे सगळं वहीत लिहीत होते.

त्यानंतर अख्खा ऑक्टोबर कोरडा गेला, यवतेश्वर, सज्जनगड, दोन्हीकडे ३४ वर उभ्याने चढून सरांनी खात्री केली. नोव्हेंबरात एका अवेळी पावसात भिजली, नंतर ५० वर टिक नाही. ब्रेव्हेही वेळेत झाली, खंबाटकीत मी दाबून बघितला मुद्दाम, असं सांगत होते.

हँगरची ग्रीस कायमची नाही, आमच्याकडच्या लाल मातीत आणि पावसात ती धुऊन जाणारच, त्यामुळे पावसाळा संपल्यावर तो एकदा काढून पुसायचा असं ठरलंय. त्या फ्रेमचा एक जादा हँगरही सरांना मागवून ठेवायला सांगितला, प्रत्येक फ्रेमचा आकार वेगळा असतो आणि लांबच्या राईडला वाकला तर वाटेतल्या दुकानात मिळत नाही. दुकानातून आणलेला जुना बीबी सरांनी मला दिला, हातात घेऊन फिरवला तर बेअरिंग अजून मस्त आहेत, माझ्या कम्युटर सायकलला बसतो का बघतो.